‘चर्चवाले मेणबत्त्या लावतात आणि घरी जातात’ म्हणणाऱ्यांना

आठवडाभरापासून आमच्या सदर भागातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘कुठं हिंसा झाली की चर्चवाले मेणबत्त्या लावतात, गुन्हेगाराला माफ करून मोकळं सोडतात, आणि बोलतात तेही स्वतःच्या माणसावर बेतलं तरच.’ मी नागपूरची मराठी ख्रिस्ती. गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी माफीचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहे. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप 10 वर्षांचा, टिमथी 6 वर्षांचा, गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली. म्हणून खटला थांबला का? मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी सुनावली गेली, हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली, आणि 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम ठेवली. क्षमा त्या बाईच्या मनातली होती, शिक्षा कायद्याची. एकीनं दुसरीची वाट अडवली नाही. नवरा आणि मुलं गेल्यावरही त्या ओडिशातल्या बारिपदातच राहून कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. याला मोकळं सोडणं म्हणायचं?

‘फक्त स्वतःच्यांसाठी’ हेही खरं नाही. चिलीत हुकूमशहा पिनोचेच्या राजवटीत माणसं गायब होऊ लागली, तेव्हा 1976 मध्ये कार्डिनल सिल्वा यांनी कायदेशीर मदतीसाठी चर्चचं एक कार्यालयच उघडलं. तिथले वकील समोरच्याचा धर्म विचारत नसत, त्यात कम्युनिस्टांची घरंही होती. एकेका बेपत्ता माणसाची नोंद त्यांनी जपली, आणि पुढं सत्यशोधन आयोगाला तीच कागदपत्रं उपयोगी पडली.

मेणबत्त्यांचं म्हणाल, तर 9 ऑक्टोबर 1989 ला पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये चर्चमधल्या प्रार्थनेनंतर हजारो लोक तिथल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. सशस्त्र पोलीस समोर उभे होते, तरी एकही गोळी सुटली नाही.

चर्चचे हात स्वच्छ आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. 1994 मध्ये रवांडातल्या नरसंहारात आसरा घ्यायला आलेली माणसं चर्चमध्येच कापली गेली, आणि त्यात एका धर्मगुरूला रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं दोषी ठरवलं.

आणि एक गोष्ट फॉरवर्डवाल्यांना सुचलीच नाही. आमच्या मंडळीत एक बाई दर रविवारी पदर कानापर्यंत ओढून बसायची. उपासना झाल्यावर पाळकांनी तिला सांगितलं, ‘सहन कर, आपण प्रार्थना करू.’ मी शेजारीच उभी होते, आणि तोंडातून शब्द निघाला नाही. पुढच्या रविवारी तिच्या गालावर नवा वळ होता. मग महिला मंडळातल्या आम्ही दोघी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. बाकावर तीन तास बसलो. तक्रार लिहून झाली आणि सही करायची वेळ आली, तेव्हा तिनं पहिल्यांदा डोक्यावरचा पदर मागं सारला.