लीड्समधला कडू घास

दिवाळीनंतर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण झालं. निमित्त मामेभावाच्या द्राक्षबागेचं. पिंपळगाव बसवंतजवळ त्याची तीन एकर बाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली आणि आभाळ काही मोकळं होईना. ऊन नाही, वरून पाऊस, आणि घड जिरले. बाग ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, कोवळ्या फुटीतून घड बाहेर पडायचा तिथे नुसती बाळी, म्हणजे दोऱ्यासारखा ताणा, वळवळत निघते. वेल हिरवीगार दिसते आणि तिच्यावर काहीच नसतं. दादानं असाच एक फोटो टाकला. खाली एक अक्षर नाही.

तासाभरात ढीगभर उत्तरं. जोडलेले हात, उगवता सूर्य, 'हेही दिवस जातील', 'पॉझिटिव्ह राहा दादा'. मग नाशिकरोडला इंजिनीअरिंग करणाऱ्या भाच्यानं लिहिलं, 'पॉझिटिव्ह राहून सोसायटीच्या कर्जाचा हप्ता फिटतो का?' काकांनी दटावलं, 'निगेटिव्ह बोलायचं नाही.' झालं, दोन तट पडले. एका बाजूला मन खंबीर ठेवा म्हणणारे, दुसऱ्या बाजूला धीर वगैरे थापा आहेत, भरपाई आणि कर्जाचं बोला म्हणणारे. ज्याची बाग गेली तो मात्र त्यात कुठेच नव्हता.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांदा निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उठली नाही, तेव्हाही नाशिककडून मला हेच दोन सूर ऐकू येत होते. भाच्याचं मला पटतं. हप्त्याला पैसेच लागतात, सुविचार चालत नाहीत. पण पैसे यायचे तेव्हा येतील. तोवर रात्री अडीचला जागा असलेल्या माणसाचं काय करायचं, याचं उत्तर त्याच्या बाजूकडेही नाही.

मी अकरा वर्षं लीड्सला आहे. इथे माणसं कोरडी, आपल्याकडे माया, हे वाक्य सुट्टीत घरी आले की पाच जणांकडून तरी ऐकते. ते निम्मं खरं आहे. ब्रिटननं २०१८ साली एकटेपणासाठी चक्क मंत्री नेमला. हे सांगितलं तेव्हा मामी पदर तोंडाला लावून हसली होती. शेजारपाजार सांभाळायला मंत्री!

त्याच सालच्या डिसेंबरात माझी नोकरी गेली होती. इथे तेव्हा पावणेचारला सूर्य मावळतो. मी दिवसदिवस पडदे उघडत नसे. कचऱ्याची गाडी येऊन गेली की रिकामा डबा प्रत्येकानं आपापला आत घ्यायचा असतो, तेवढंही माझ्याच्यानं होईना. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, डबा आपोआप भिंतीपाशी येऊन उभा राहतोय. शेजारच्या सत्तरीतल्या बाई तो ओढून ठेवत होत्या. त्यांनी बेल वाजवली नाही की काय झालंय विचारलं नाही. तीन महिने डबा आत येत राहिला.

पुढे त्यांचे यजमान गेले तेव्हा दुसरी बाजू दिसली. इथे अंत्यविधीला दोन-तीन आठवडे सहज लागतात. तेवढे दिवस त्या घराच्या दारात कार्डं आणि फुलं येत होती, माणूस येत नव्हता. उगाच त्रास नको, या सभ्यतेपोटी. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात कुणी गेलं की चूल पेटायच्या आत शेजारून पिठलं-भाकरी यायची, कडू घास म्हणून. मी मुगाची खिचडी केली, डब्यात भरली, दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा बेल वाजवली.

त्या तासभर बोलल्या. नवऱ्याच्या मोज्यांबद्दल. एकाच रंगाचे घेतले म्हणजे जोडी लावत बसायला नको, असा त्यांचा हिशेब होता. तरी दर रविवारी एक मोजा उरायचाच. मला काही सुचत नव्हतं. आपल्याकडचं 'देवाची इच्छा', 'मुलांकडे बघून सावरा', यातलं इंग्रजीत काहीच जमेना. म्हणून गप्प बसले. निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. नाशिकला असते तर पाचव्या मिनिटाला मी त्यांना सावरायला लावलं असतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं आणि लाज वाटली.

लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्यानं १९५३ साली, जीव द्यायच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सुरू केला. लोक चर्चमध्ये भेटायलाही येऊ लागले. पाद्रीबुवा मोकळे होईपर्यंत स्वयंसेवक आलेल्यांना चहा द्यायचे, जवळ बसायचे. व्हारांना दिसलं की चहावाल्यांशी बोलून झाल्यावर बऱ्याच जणांना त्यांना भेटायची गरजच उरत नाही. काही महिन्यांतच, १९५४ मध्ये, त्यांनी ते काम स्वयंसेवकांच्या हाती दिलं. तीच आजची समॅरिटन्स संस्था. मी अशाच एका ऐकणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला गेले होते. सरावाच्या पहिल्याच फोनवर मी 'काळजी करू नका' म्हणाले आणि शिकवणाऱ्या बाईंनी हात वर करून थांबवलं. 'हे तुम्ही कुणासाठी म्हणालात? तिच्यासाठी की स्वतःसाठी?' मला राग आला होता. कारण उत्तर माहीत होतं.

आपल्याकडेही १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी पंधरा सुविचार येतात, हा नंबर कधी कुणी टाकलेला आठवत नाही. मीही टाकला नव्हता. आता टाकला आहे. काकांनी त्यावर विचारलं, 'कुणाला वेड लागलंय का?' यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

भांडणानंतर चौथ्या दिवशी दादाला फोन लावला. 'बोल' म्हणाले आणि गप्प राहिले. दीड मिनिट तो 'बाकी काय, बाकी काय' करत राहिला. मग सुरू झाला. औषधांची उधारी, वहिनीचं माहेर, धाकटीची फी, आणि मध्येच, 'अगं, मला बागेत जावंसंच वाटत नाही.' चाळीस मिनिटांत मी 'हं'च्या पलीकडे फार काही बोलले नाही. एकदा जीभ सळसळली, दाबली.

शेवटी त्यानं सहज सांगितलं, की त्या आठवड्यात फवारणी राहून गेली होती. घड नसले तरी वेल जगवावी लागते, पुढच्या वर्षासाठी. पहाटे पाचला ब्लोअरचा आवाज आला म्हणून हा बाहेर आला, तर बांधापलीकडचा शेजारी स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन ह्याच्या ओळींत फिरत होता. त्याचेही निम्मे घड जिरलेले. दादा म्हणाला, 'मी डिझेलचे पैसे काढले तर म्हणतो, ठेव खिशात, सोमवारी माझ्याकडे मजूर नाहीत, तू ये.'

'मग गेलास?'

'जावंच लागलं ना.'