ब्रेक लागतो का?

मोटारसायकल उभी दिसली की तिचा पुढचा ब्रेक दाबून बघायचा, हा हक्क आपल्याला बहुतेक घटनेनेच दिलेला असावा. गाडी कुणाची का असेना. आधी ॲक्सिलरेटर पिळायचा, मग ब्रेक दाबायचा, मग "किती देते?" विचारायचं. काल रविवारी आमच्या पार्किंगमध्ये हा हक्क माझ्या गाडीवर लागोपाठ चार वेळा बजावला गेला. तेव्हा गाडीला पुढचं चाक नव्हतं.

चाक नव्हतं, कारण मी शॉकअपचं तेल बदलत होतो. शॉकअप म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना असलेले, धक्के झेलणारे नळीसारखे दोन पाय. गाडी तीस हजार किलोमीटर फिरलेली, त्यातले बरेचसे मुंबई-गोवा महामार्गावरचे. त्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. तिथून नेमाने ये-जा करणाऱ्या शॉकअपना खरं तर पेन्शन लागू करायला हवी. हल्ली ब्रेक मारला की गाडी नाक जमिनीला लावायची आणि स्पीडब्रेकरनंतर बराच वेळ मान डोलवत राहायची. गॅरेजवाल्याला विचारलं, "एका पायात किती मिली टाकणार?" तो म्हणाला, "अंदाजाने." अंदाजाने आमटीत मीठ घालतात हो! म्हटलं, घरीच करू.

इंजिनाखाली फळी, फळीखाली कारचा जॅक. चाक काढलं, मडगार्ड काढलं, ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क दोन पॅडच्या चिमटीत धरणारा भाग, तारेने हॅंडलला टांगला. पाइपवर त्याचा भार येऊ द्यायचा नसतो, हे मी वाचलं होतं. टांगलेल्या कॅलिपरच्या दोन पॅडमध्ये पुठ्ठा खोचून ठेवावा, हेही वाचलं होतं. पुठ्ठा शेजारीच पडला होता.

पहिला पाय मोकळा करून ट्रेमध्ये उलटा केला. आतून राखाडी, चंदेरी चमक असलेलं काहीतरी गळलं आणि सुकटाचं पोतं उघडावं तसा वास सुटला. जुनं शॉकअपचं तेल असंच घाण मारतं.

"मासे आणलेस का रे?"

तिसऱ्या मजल्यावरचे काका. हातात दुधाची पिशवी.

"नाही काका, तेल आहे. शॉकअपचं."

"शॉकअपमध्ये तेल? कशाला? तेल चेनला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची खाज आहे. म्हटलं, "काका, बँकेचं काचेचं दार कसं आपोआप सावकाश बंद होतं? त्याच्या वरच्या डब्यात तेल असतं. ते बारीक भोकातून जाताना अडतं, म्हणून दार आपटत नाही. इथेही तसंच. नुसती स्प्रिंग असती तर गाडी उड्याच मारत बसली असती."

"बँकेचं दार म्हणतोस..." काका म्हणाले आणि त्यांची गाडी घसरली. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातात, तर ते दार ओढता ओढवत नाही. मागच्या वेळी आत पोहोचले, तर मशिनवर अंगठा उमटेना. समोर धडधडीत उभा असलेला माणूस जिवंत आहे हे सांगायला अंगठा लागतो, आणि अंगठा तर चाळीस वर्षं फायली उलटून झिजलेला. हे मात्र त्यांचं शंभर टक्के खरं होतं. मीही हातातला पाना खाली ठेवून ऐकत राहिलो. आणि बोलता बोलता त्यांचा तो झिजलेला अंगठा सोडून उरलेली चार बोटं माझ्या ब्रेकवर गेली.

"काका, नको..."

"अरे, हा लागतच नाही!" त्यांनी दाबला. लिव्हर थेट हॅंडलला टेकली. पुन्हा दाबला. "पोकळ आहे रे." पुन्हा दाबला. टांगलेल्या कॅलिपरमधले दोन पॅड दर वेळी एकेक पाऊल पुढे येत होते, जत्रेत हरवलेले भाऊ भेटावेत तसे. चौथ्या दाबाला त्यांची कडकडून गळाभेट झाली आणि लिव्हर दगडासारखी घट्ट झाली.

"हां! आता लागला बघ." काका खूश. "एअर धरली होती. आमची चेतक होती ना, पेट्रोल संपलं की आडवी करायचो, की लगेच चालू. तुम्ही पोरं उगाच खोलत बसता."

दूध घेऊन ते लिफ्टकडे गेले. एवढ्यात पॅडच्या फटीत डिस्क काय, पोस्टकार्डही शिरलं नसतं. पुढचा पाऊण तास मी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून, कपडा गुंडाळलेल्या उलथन्याने ते दोघे भाऊ वेगळे करत होतो. उलथनं बायकोने परत घेतलं नाही. तेल मात्र मी अंदाजाने भरलं नाही. मेडिकलमधली मोठी सिरिंज आणली (त्याने विचारलं, "म्हशीला का?"), पाय वरखाली करून आतली हवा काढली आणि स्टीलच्या पट्टीने दोन्ही पायांतली पातळी मिलीमीटरपर्यंत सारखी केली. ते बघायला कुणीही थांबलं नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. माझा ट्रे. "पार्किंगमध्ये मासे साफ करणाऱ्या सभासदावर कारवाई करावी." याच पार्किंगमध्ये दोन लग्नांच्या हळदी होतात, रात्री बारापर्यंत स्पीकर वाजतो, गणपतीत मंडपाचे खड्डे पडतात, तेव्हा कुणाला काही वास येत नाही. एक माणूस स्वतःच्या हाताने स्वतःच्या गाडीचे चार बोल्ट सोडतो, जमिनीवर थेंब पडू देत नाही, तर कारवाई! या शहरात फ्लॅटला पाऊण कोटी मोजायचे, पण पान्याला पाना लावायला वीतभर जागा कुणी देणार नाही. मी तावातावाने चार ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या.

तेवढ्यात काकांचा मेसेज आला : "मासे नाहीत. शॉकअपचे तेल आहे, मी स्वतः उभे राहून पाहिले. दार सावकाश बंद होण्यासाठी घालतात. त्याच्या गाडीचा ब्रेकही लागत नव्हता, तो मी चालू करून दिला."

खाली एकवीस अंगठे. त्यातला एक बायकोचा.