सिंह कुठे पळून जातोय? तुम्ही ॲडव्हान्स भरा

जगभर साथ पसरलेली असताना आफ्रिकेची सफारी बुक करायला सिंहाचं काळीज लागतं. तुमच्याकडे नसेल तर काळजी नको, ट्रॅव्हल एजंट उसनं देतो. मागच्या महामारीत ज्यांची ही संधी हुकली त्यांच्यासाठी, आणि पुढची येईल तेव्हा हाताशी असावं म्हणून, अनुभवाचे चार बोल लिहून ठेवतो. माझा अधिकार विचाराल तर माझ्या ईमेलमध्ये तीन क्रेडिट व्हाउचर पडून आहेत. त्यातल्या एकाची मुदत अजून संपायची आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

आधी मुहूर्त बघा. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं. पैसे भरायला त्यानंतरचा आठवडा सगळ्यात चांगला. ‘असा दर पुन्हा मिळणार नाही’, असं एजंट त्या आठवड्यात सांगत होता आणि माणूस शब्दाचा पक्का निघाला. तो दर पुन्हा मिळाला नाही, पहिल्यांदाही कोणाला उपयोगी पडला नाही. 25 मार्चला केनियाने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली, दुसऱ्या दिवशी मध्यरात्री दक्षिण आफ्रिकेत लॉकडाउन लागला. आपण घाबरून फोन करावा, तर पलीकडून शांत आवाज येतो, “दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. तुमचं तर जुलैचं आहे ना?”

जुलैचंच होतं. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात, मगरी वाट बघत असतात आणि माणसं त्याचे फोटो काढतात. त्या वर्षीही कळप टांझानियातून केनियात गेले. त्यांनी कोणामार्फत बुक केलं होतं कोण जाणे. 1 ऑगस्टला केनियाने विमानतळ उघडला तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होतो. मग कळलं की प्रवासाला दोन दारं लागतात, जायचं तिथलं आणि निघायचं तिथलं. दोन्ही एकाच वेळी उघडी असावीत ही अपेक्षा हावरटपणाची आहे.

काही अतिशहाणे लोक थेट लॉजला ईमेल करून खोली ठरवतात. त्यात काय राम? आपले पैसे कोणाकडे आहेत ते लगेच कळतं. एजंटमार्फत गेलात तर ते एजंटकडून टूर ऑपरेटरकडे, तिथून त्या देशातल्या स्थानिक कंपनीकडे, तिच्याकडून लॉजकडे, थोडे विमान कंपनीकडे आणि थोडे उद्यानाच्या प्रवेश शुल्कात जातात. जाताना लिफ्टने जातात. परत मागितले की लिफ्ट बंद असते आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक सद्‌गृहस्थ वरच्याकडे बोट दाखवत बसलेला असतो. पाण्यातल्या म्हशीचा सौदा करू नये, असं म्हणतात. आपण दुसऱ्या खंडातल्या पाण्यातल्या रानरेड्याचा केलेला असतो.

आता मुख्य विद्या. ‘रद्द’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तुम्ही रद्द केलंत तर रद्द करण्याचं शुल्क तुमच्या बोकांडी. त्यांनी रद्द केलं तर निदान कागदावर तरी परतावा तुमच्या हक्काचा. म्हणून ते रद्द करत नाहीत. सीमा बंद, विमानं जमिनीवर, लॉजच्या फाटकाला कुलूप, पण तुमची सहल मात्र ‘सध्या तरी वेळापत्रकाप्रमाणे’ असते. तुम्हीही गप्प, तेही गप्प. जो आधी बोलेल तो हरला. एवढ्यात उरलेल्या रकमेची तारीख येते. निघण्याच्या साठ दिवस आधी पूर्ण पैसे भरायचे, हे तुम्हीच सही केलेल्या कागदावर असतं. नाही भरले तर बुकिंग तुम्ही मोडलंत असं धरलं जाईल. भरले तर? न निघणाऱ्या विमानाचं आणि न उघडणाऱ्या तंबूचं संपूर्ण भाडं भरल्याचं समाधान. मी भरले. पावतीवर सिंहाचं चित्र होतं. तो जांभई देत होता.

त्यानंतर ‘रद्द नको, पुढे ढकला’ हा मंत्र येतो. त्या वर्षी सगळ्या पर्यटन व्यवसायाने तो जपला. ऐकायला इतका गोड की नकार देणारा माणूस दुष्ट वाटावा. तुम्ही पुढे ढकला, ते पुढे ढकलतील, मग दोघं मिळून ढकला. दर वेळी नवं व्हाउचर मिळतं. ते निवांत वाचा. माझ्या एका व्हाउचरवर ‘कोणत्याही तारखेला’ असं ठळक छापलं होतं. खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत ‘गर्दीचा हंगाम वगळून’, त्याखाली ‘दरातला फरक भरून’ आणि त्याही खाली ‘उपलब्धतेनुसार’. वरच्या ओळीतून खालच्या तीन वजा केल्या की उरतो तो पावसाळा. प्राणी तेव्हाही असतात. गवत उंच असतं, एवढंच.

विमा जरूर काढा. साथ जाहीर झाल्यावर काढलात तर आणखी छान, कारण मग ती ‘आधीच माहीत असलेली घटना’ ठरते. त्याबद्दल दावा करता येत नाही. बाकी सगळ्यासाठी येतो. मला हत्तीने तुडवलं असतं तर कुटुंबाची चांगली सोय झाली असती.

कुठलाही देश न निवडता एजंटवर सोपवलंत तर तो टांझानिया सुचवायचा. “तिथे रुग्णच नाहीत हो!” खोटं कसं म्हणावं? 29 एप्रिल 2020 ला 509 हा आकडा दिल्यानंतर त्या सरकारने आकडे देणंच थांबवलं. मेच्या सुरुवातीला अध्यक्ष मागुफुली यांनी जाहीर केलं की गुपचूप पाठवलेल्या नमुन्यांत एक बकरी आणि एक पपई पॉझिटिव्ह निघाली, तेव्हा चाचण्यांवर विश्वास कसा ठेवायचा! ज्या देशात पपईची चाचणी होते तिथे पर्यटकाची आबाळ होणार नाही, असं मला तरी वाटून गेलं.

पीसीआर चाचणीचं गणित मात्र स्वतः करा, एजंटला तेवढं एकच गणित येत नाही. तेव्हा दक्षिण आफ्रिकेला 72 तासांच्या आतला रिपोर्ट हवा होता, केनियाला 96. तास कुठून मोजायचे? नमुना घेतल्यापासून की रिपोर्ट आल्यापासून? विमान सुटेपर्यंत की पोहोचेपर्यंत? मधल्या विमानतळावर नऊ तास बसलात तर ते कोणाच्या खात्यात? मी हे सगळं लिहून पाठवलं. उत्तरात अंगठा आला. पुढच्या मिनिटाला सामानाची सूचना आली: जंगलात उतरणाऱ्या छोट्या विमानात 15 किलोच, आणि तेही मऊ पिशवीत. कागदपत्रांची फाइल त्यात धरायची का, हे विचारायचं मी टाळलं.

गोरिला बघायचे असतील तर वेगळी शिस्त. माणसाचे श्वसनाचे आजार त्यांना होतात, म्हणून मार्च 2020 मध्ये ती सहल बंदच झाली होती. उघडली तेव्हा 7 मीटरचं अंतर 10 मीटर झालं आणि मास्क सक्तीचा. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा एकमेव शहाणा नियम, त्यामुळे त्यावर विनोद करवत नाही. एजंटने मात्र ‘आता अधिक प्रशस्त दर्शन’ असं लिहून त्याचे जादा पैसे लावले.

आणि समजा, सगळं जुळलं. लस झाली, दोन्ही दारं उघडली, तुम्ही खरोखर दक्षिण आफ्रिकेत पोहोचलात आणि ती तारीख 2021 च्या नोव्हेंबरातली शेवटची निघाली. 24 तारखेला तिथल्या शास्त्रज्ञांचा विषाणूच्या नव्या प्रकाराचा अहवाल प्रामाणिकपणे जागतिक आरोग्य संघटनेला गेला, 26 ला त्याला ओमायक्रॉन नाव मिळालं आणि त्याच दिवशी बक्षीस म्हणून देशोदेशीची दारं त्यांच्या तोंडावर आपटली. ॲम्स्टरडॅमला उतरलेल्या दोन विमानांतल्या सुमारे 600 प्रवाशांना तासन्‌तास अडकवून तपासलं, 61 जण पॉझिटिव्ह निघाले. अशा वेळी एजंटला फोन लावायचा. ‘आम्ही सध्या सुट्टीवर आहोत’ हा निरोप ऐकून धीर येतो. निदान कोणाची तरी सुट्टी पार पडली.

तरीही पैसे मागायचा धीर करत असाल तर शेवटचा बाण लागतो आणि तो थेट काळजात. “साहेब, तिथल्या गाइडांच्या पोटाचा विचार करा. तुमचे पैसे त्यांना जगवतायत.” यावर मी गप्प झालो, खोटं कशाला सांगू. बोलणारा स्वतःही कर्जात होता आणि त्याच्या ऑफिसातली निम्मी माणसं घरी बसली होती, हे मला माहीत होतं. पर्यटन थांबल्यावर त्या गावांची काय दशा झाली असेल, याचाही अंदाज होता.

म्हणून एका रात्री मीच त्या कॅम्पच्या गाइडला मेसेज केला. त्याचा नंबर पहिल्या माहितीपत्रकाच्या मागे होता. लिहिलं की आमचे पैसे तुमच्यापर्यंत पोहोचतायत हे वाचून बरं वाटतं, तेवढंच समाधान. सकाळी उत्तर आलं. आधी एक फोटो, रिकाम्या डांबरी रस्त्यावर भर दिवसा आडवे पसरून झोपलेले सिंह. त्याने लिहिलं होतं की मार्चपासून पगार नाही, तो भावाच्या शेतावर आहे, फोटो मित्राने पाठवलाय. आणि खाली एक प्रश्न.

“तुमचं आमच्याकडे बुकिंग होतं?”