इझाबेला बर्ड : 'पहिली आणि एकटी' नव्हे

'पाठीच्या आजारावर मात करून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी या भूगोल-संस्थेची पहिली महिला फेलो (निवडून घेतलेली सदस्य) झालेली ब्रिटिश प्रवासी-लेखिका इझाबेला बर्ड. तिच्यामुळे १८९२ साली संस्थेची दारं बायकांना उघडली', असा मजकूर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

१८९२ साली ती एकटी नव्हती. त्या पहिल्या तुकडीत इतरही बायका होत्या. आणि दारं उघडली म्हणावं, तर १८९३ मध्ये लगेच मिटलीही. आधी निवडलेल्या २२ जणींची फेलोशिप तेवढी राहिली; नव्यांना १९१३ पर्यंत थांबावं लागलं.

'मात' हा शब्दही खटकतो. अठराव्या वर्षाच्या सुमारास पाठीच्या कण्याजवळची गाठ काढली, तरी दुखणं तिला आयुष्यभर पुरलं. हवाईत ती पुरुषांसारखी दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसू लागली, कारण एका बाजूला बसलं की पाठ दुखायची. बंडखोरी वगैरे नंतरच्यांनी चिकटवली.

गंमत म्हणजे, बायका भूगोल-संशोधनाला नालायक, असं 'टाइम्स'मध्ये लिहिणारा कर्झन (हो, तोच, वंगभंगाचा!) स्वतः पाठीच्या दुखापतीमुळे पोलादी पट्टा बांधून वावरायचा. त्याची पाठ कुणी आडवी आणली नाही. १९१३ साली संस्थेचा अध्यक्ष तोच होता. तोवर त्याचं मत बदललं होतं.