शनिवारी जास्त पडणारा बर्फ

सॉल्ट लेक सिटीतल्या पहिल्याच हिवाळ्यात मी एक गाढवपणा केला. एका स्की रिसॉर्टने शुक्रवारी रात्री 'नवा बर्फ 10 इंच' असं जाहीर केलं आणि मी पहाटे पाचला लेकाला गाडीत कोंबून निघालो. घाटातल्या रांगेत दोन तास गेले. वर बघतो तर बूटसुद्धा धड बुडेना. लिफ्टमध्ये शेजारी बसलेला म्हातारा हसला. म्हणाला, "वीकेंडचे इंच जरा आखूड असतात."

डार्टमथ कॉलेजच्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी हा विनोद मोजून दाखवलाय, हे मला नंतर कळलं. रिसॉर्टांनी जाहीर केलेले आकडे त्यांनी सरकारी हवामान नोंदींशी ताडून पाहिले. 2009 सालच्या त्यांच्या निबंधानुसार शनिवार-रविवारी रिसॉर्टवाल्यांचा ताजा बर्फ 23 टक्के जास्त भरत होता. सरकारी नोंदींत असा फरक नव्हता. ढगांना वार कळत नाही, तिकीटखिडकीला कळतो.

बरं, यासाठी धडधडीत खोटं बोलावंच लागतं असं नाही. पांढरी फळी ठेवायची, तिच्यावर साचलेला बर्फ मोजायचा आणि फळी पुसायची, अशी साधी रीत. पण ताजा बर्फ स्वतःच्या वजनाने बसतो. दर तासाला मोजून पुसत राहिलं तर दिवसाची बेरीज सहज फुगते. फळी शिखराजवळच्या आडोशाला ठेवली तर आणखीच छान.

गावाकडे, मराठवाड्यात, माझा चुलतभाऊ याच प्रश्नाशी झुंजतोय, फक्त उलट्या बाजूने. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी, आणि त्यावरच अतिवृष्टीची भरपाई. मापक एका गावात, पाऊस कोसळला दुसऱ्या गावात, आणि सोयाबीन पाण्यात. "तुमच्याकडे असलं नसेल," तो फोनवर म्हणाला. मी त्याला बर्फाची गोष्ट सांगितली. त्याला फार बरं वाटलं, असं मात्र नाही.

कारण माझा एक शनिवार गेला, त्याचा हंगाम गेला. आणि इथला खोटेपणा आटोक्यात आला तोही कुणाच्या सद्बुद्धीने नव्हे. 2009 च्या सुमाराला आयफोनच्या एका ॲपवर लोक डोंगरावरूनच 'कसला बर्फ अन् कसलं काय' लिहायला लागले आणि जिथे फोनला रेंज चांगली होती तिथली फुगवाफुगवी जास्त उतरली, असं त्याच दोघांना आढळलं. आता बरेच रिसॉर्ट इंचाच्या खुणा केलेल्या पट्टीवर कॅमेराच रोखून ठेवतात. पट्टी कधी पुसली, हेही घरबसल्या दिसतं.

आपल्याकडे वाद नेहमी मापकं किती हवीत यावर अडतो. वाढवावीत, माझी ना नाही. पण मापक कुठे बसवलंय, भिंतीच्या आडोशाला की झाडाखाली, त्याचा आजचा आकडा काय, हे ज्याचं पीक बुडालं त्याला त्याच दिवशी तपासता यायला हवं. माझ्या मते खरं भांडण तिथे आहे.

भावाने प्लास्टिकचा पर्जन्यमापक घेतलाय. रोज सकाळी साडेआठला त्याचा फोटो येतो. काल 71 होता. मंडळाची नोंद 58 निघाली. तहसीलमध्ये त्याचा फोटो कुणी पाहत नाही. तरी तो पाठवतो, आणि मी जपून ठेवतो.