‘एका चिमणीला तीन तास’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रविवारी स्वयंपाकघरातल्या चिमणीची सफाई लांबली आणि पाहुणे यायच्या आधी तुमचा ओटा मोकळा झाला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की, ‘शेजारच्यांची चिमणी यांनीच तासाभरात केली, आमच्या जुन्या चिमणीला तीन तास घालवले. साधा तारेचा ब्रशही नव्हता, भांड्यांच्या लिक्विडने धुऊन ८५० रुपये घेतले.’ हे वाचून फार लागलं. नवीन गिऱ्हाईक हेच वाचून फोन करायचा की नाही ते ठरवतं.

शेजारच्यांच्या चिमणीत स्टीलच्या पट्ट्यांचा बॅफल फिल्टर आहे. त्याला कॉस्टिक सोडा चालतो, तेल झटपट सुटतं. तुमच्या चिमणीत फिल्टर म्हणून अ‍ॅल्युमिनियमची जाळी आहे. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमलाच खातो. पाणी फसफसून गरम होतं, त्यातून हायड्रोजन सुटतो, तो पेट घेणारा वायू, आणि जाळी काळी पडून झिजते. गॅसच्या शेगडीशेजारी हा प्रकार मी माझ्या कामावरच्या पोरांना करू देणार नाही, मग कुणी कितीही घाई करो. म्हणून गरम पाणी आणि लिक्विडमध्ये भिजवायचं, नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने घासायचं, परत भिजवायचं. तुमच्या जाळीवरचं तेल डांबरासारखं घट्ट झालं होतं. त्यात ती भिजत असताना ‘झालं का बघू’ म्हणून तुम्ही दोनदा बाहेर काढायला लावलीत.

तारेचा ब्रश आमच्या पिशवीत मुद्दामच नसतो. त्याच्या तारा तुटून ब्लोअरमध्ये, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्यात जातात. पत्र्यावर चरे पडतात आणि पुढचा चिकटा त्या चऱ्यांतच धरतो. लोखंडाचे कण स्टीलवर राहिले की तिथे गंज येतो. जुन्या चिमणीचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइपही पातळ असतो, त्यात सळई घातली की फाटलाच. ब्लोअरच्या पात्यांवरचा थर प्लास्टिकच्या पट्टीनेच काढावा लागतो, कारण पातं वाकलं तर चिमणी थरथरायला लागते. मोटरवर पाण्याचा फवारा मारत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. या सगळ्याला वेळ जातो, ताई.

तुम्ही घरातला तारेचा ब्रश आणून दिलात आणि पोरगा नको म्हणाला तेव्हा त्याला चार शब्द ऐकवलेत. तो उलट बोलला नाही. त्याने तुमची जाळी वाचवली, असं मी म्हणेन. ८५० रुपये फोनवरच सांगितले होते आणि वेळ वाढला म्हणून एक रुपयाही जास्त घेतला नाही.

यापुढे बुकिंग घेतानाच फिल्टर कोणता ते विचारून घेऊ, वेळेचंही नीट बघू. तेल गळत असेल तर कळवा, पोरगा येऊन बघून जाईल, पैसे घेणार नाही. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण ‘साधा तारेचा ब्रशही नव्हता’ एवढं वाक्य काढलंत तर उपकार होतील.