पिकअपचे इंजिन आणि कॉन्टेसाचे आरसी बुक

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील आम्हा वर्गमित्रांमध्ये गेला महिनाभर एकच वाद चालू आहे. एका मित्राच्या कोल्हापूरच्या भाच्याने हिंदुस्तान मोटर्सची जुनी कॉन्टेसा मोटार घेतली असून, तिचे झिजलेले पेट्रोल इंजिन उतरवून अलीकडच्या पिकअपचे डिझेल इंजिन बसवायचे त्याने मनावर घेतले आहे. निम्म्या मित्रांच्या मते आरटीओ हे पास करणार नाही आणि करूही नये. उरलेले विचारतात की अमेरिकेत हे घरोघरी चालते, मग आपल्याकडेच आडकाठी का? मी 19 वर्षे डेट्रॉइटजवळ राहत असल्यामुळे दोन्ही बाजूंनी मलाच साक्षीला बोलावले आहे.

अमेरिकेत हे चालते, ही गोष्ट खरी आहे. माझ्या शेजाऱ्यांकडे 1970ची शेव्हरोले शेव्हेल आहे. तिच्यात त्यांनी 2004च्या सिल्व्हराडो पिकअपचे 5.3 लिटरचे व्ही-आठ इंजिन बसवले, आणि त्या कामात दोन हिवाळे मी त्यांच्या हाताखाली होतो. निवृत्त टूलमेकर असलेल्या या गृहस्थांनी ते इंजिन भंगारवाल्याकडून आणले होते. जनरल मोटर्सने 1999 ते 2007 या काळात हे बिडाच्या ब्लॉकचे इंजिन लाखो ट्रकांत बसवले, त्यामुळे ते इथे स्वस्तात आणि कुठेही मिळते. शेव्हेलच्या मूळ 307 घनइंचाच्या इंजिनाची ताकद कागदावर 200 अश्वशक्ती आहे, पण ती जुन्या पद्धतीने, पंखा-सायलेन्सर न जोडता मोजलेली. ट्रकच्या इंजिनाची 285 ते 295 अश्वशक्ती मात्र सगळा लवाजमा जोडून मोजलेली आहे. म्हणजे खरा फरक आकड्यांतून दिसतो त्याहून बराच मोठा आहे.

हे काम ‘काढले आणि बसवले’ इतके सोपे असते असे ज्यांना वाटते, त्यांनी आमचा नोव्हेंबरमधला तो शनिवार पाहायला हवा होता. चेनब्लॉकवरून इंजिन इंच इंच खाली सोडत असताना ट्रकचा खोल ऑइल चेंबर चेसिसच्या आडव्या दांड्यावर टेकला, आणि पुढे-मागे सरकवूनही इंजिन फाउंडेशनवर, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या आधारांवर, बसेना. ते पुन्हा वर घेऊन, अशाच बदलासाठी मुद्दाम ओतलेला उथळ चेंबर मागवावा लागला. जुन्या कार्ब्युरेटरला जेमतेम 6 पौंड दाबाने पेट्रोल पुरत असे, या इंजेक्शनला सुमारे 58 पौंड दाब लागतो. त्यामुळे पेट्रोलची टाकी उतरवून आतच विजेचा पंप बसवला आणि नळ्याही बदलल्या. एवढे झाल्यावर किल्ली फिरवली, तर इंजिन दोन सेकंद सुरेख चालून बंद पडले. तीनदा तसेच झाले. ट्रकच्या संगणकाला आपल्या किल्लीची ओळख पटत नव्हती आणि चोरी समजून तो इंधन तोडत होता. लॅपटॉप जोडून ती अट काढली, तेव्हा कुठे गाडी चालू राहिली.

या सगळ्याच्या आधीचा अख्खा हिवाळा मात्र शेजाऱ्यांनी ब्रेकवर घालवला होता, आणि आमच्या वादात नेमका हाच भाग कोणी बोलत नाही. त्या शेव्हेलला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढे डिस्क बसवून, मास्टर सिलिंडर बदलून, रिकाम्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा थांबवून पाहिल्याशिवाय त्यांनी जुन्या इंजिनाला पाना लावला नाही. पण हे त्यांनी केले ते त्यांच्या मनाला पटले म्हणून. डेट्रॉइट ज्यात येते त्या मिशिगन राज्यात खासगी मोटारीच्या धुराची किंवा ब्रेकची ठरावीक मुदतीने तपासणी होत नाही. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा जो मोठा मेळा भरतो, तिथे दुप्पट ताकदीचे इंजिन आणि मूळचे ड्रम अशा गाड्या समोरच्या बंपरपाशी कशाबशा थांबताना मी पाहिल्या आहेत, आणि त्याच रस्त्याच्या कडेला मुले बसलेली असतात. अमेरिकेचा दाखला देणाऱ्या मित्रांना मला कळकळीने सांगायचे आहे की मिशिगनची ही मोकळीक कोल्हापूरला नेण्यासारखी नाही.

नेण्यासारखी गोष्ट कॅलिफोर्नियात आहे. तिथे 1976 किंवा त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदलायचे असेल, तर नवे इंजिन गाडीच्याच सालाचे किंवा त्यानंतरचे हवे आणि त्याची धूर रोखणारी सगळी मूळ सामग्री, अगदी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह, सोबत बसवलेली हवी. सरकारने नेमलेला पंच ते तपासतो आणि पटल्यावर गाडीवर तसे लेबल लावतो. ‘मूळचे तेच ठेवा’ असे हा नियम सांगत नाही. बदला, पण निदान आधीइतके स्वच्छ ठेवा आणि दाखवा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आपल्याकडे गाडा नेमका इथे अडतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निर्णय, यांचा रोख निर्मात्याच्या मूळ तपशिलात फरक पडू नये असा आहे. नव्या गाड्यांच्या बाबतीत तो मला मान्य आहे. पण हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्याचे काम 2014 मध्येच थांबले. त्या गाडीच्या मालकाने निर्मात्याकडे जायचे म्हणजे कोणाकडे? 2021च्या विंटेज नियमांचा आधारही त्याला नाही, कारण त्यासाठी गाडी 50 वर्षांहून जुनी लागते आणि कॉन्टेसा मुळात आली 1984 मध्ये. शिवाय तिथेही मूळ रूपाचीच अट आहे. गंमत अशी की कॉन्टेसाला नावलौकिक मिळाला तोच इंजिन बदलल्यावर. सुरुवातीच्या अशक्त 1.5 लिटर इंजिनाच्या जागी कंपनीने इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन बसवले आणि मग लोक तिला ‘दमदार’ म्हणू लागले. कारखान्याने केले ते शहाणपण ठरले. तेच काम नीट मोजमाप घेऊन मिस्त्रीने केले तर तो गुन्हा का ठरावा?

तरीही ‘करू नये’ म्हणणाऱ्या मित्रांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. माझे काका कराड-पाटण रस्त्यावर वडाप, म्हणजे जीपने प्रवासी वाहतूक, करत. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी जीपमध्ये मॅटाडोर व्हॅनचे जुने डिझेल इंजिन बसवून घेतले, जसे त्या काळी पुष्कळांनी केले. आरसी बुकावर मात्र जुनाच इंजिन नंबर आणि ‘पेट्रोल’ हा शब्द तसाच राहिला. पुढे अपघात झाला, आणि विमा कंपनीने नंबर जुळत नाही एवढ्यावर दावा फेटाळला. जखमी प्रवाशाची भरपाई काकांनी पदरमोड करून, हप्त्याहप्त्याने दिली. परवानगीची वाट असती तर काकांनी नक्की अर्ज केला असता. पण ती वाट तेव्हाही सामान्य माणसाला सापडत नव्हती आणि आजही सापडत नाही.

सीएनजी किट आणि विजेवर चालवण्याचे किट यांना मान्यता देण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे आणि पुण्याची एआरएआय ही वाहनांची चाचणी संस्था अशा चाचण्या करते. त्याच धर्तीवर कॉन्टेसा, पद्मिनी, अॅम्बेसेडर अशा मोजक्या बंद पडलेल्या गाड्यांसाठी ठरावीक इंजिन, ठरावीक फाउंडेशन आणि ठरावीक ब्रेक यांचा संच तपासून मान्य करावा आणि आरटीओने त्याची आरसीवर नोंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मित्राच्या भाच्याशी परवा फोनवर बोललो. “काका, इंजिन कुठले घेऊ?” हा त्याचा पहिला प्रश्न होता. मी म्हणालो, आधी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी ने, पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळी तोलून घे आणि पावती जपून ठेव. डिझेल इंजिनाने पुढे किती भार वाढणार ते कळल्याशिवाय ब्रेकचे आणि स्प्रिंगांचे गणित मांडता येत नाही. भंगारवाल्याकडून इंजिन नंबरासह पक्के बिल मिळत नसेल, तर ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नकोस. आणि परवानगी हातात येईपर्यंत जुने इंजिन जागचे हलवू नकोस. तो थोडा हिरमुसला, पण येत्या रविवारी वजनकाट्यावर जाणार आहे.